तीनानंतर पुन्हा तीन

जिना संपला होता आणि मला वाटलं, अजून एक पायरी आहे. एकोणीस वर्षं मी हा जिना उतरतोय. दिवे गेलेले असोत, पाय मुरगळलेला असो, हातात जड पिशव्या असोत, कधी चुकलो नाही. आणि आज रविवारी, भर दुपारच्या उजेडात, पाय खाली पायरी शोधत गेला तर फरशी आधीच तिथे हजर. असा हिसका बसला की टाचेतून निघालेली कळ सरळ जबड्यात पोचली आणि दातांवर दात आपटले. पाठीवरची गिटार भिंतीला लागता लागता वाचली. पुढे चाललेली बायको गर्रकन वळली. "काय झालं?" "काही नाही. फरशी लवकर आली." "मोजत होतात ना? जिन्यावर मोजू नका म्हणून हजारदा सांगितलंय. एक दिवस तोंडावर पडाल आणि स्वतःचेच दात बनवत बसाल." मोजतच होतो. तीन, दोन. तीन, दोन. गेले अकरा महिने माझ्या डोक्यात दुसरं काही चालतच नाही. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो आणि काय सांगू, मला बरं वाटत होतं. कारण काका अकरा महिने ओरडून ओरडून जे सांगत होते ते हेच. "खालचा सूर लवकर येतो रे! तू कोणाची वाट बघत बसतोस?" आज पायाला ते कळलं होतं. अंगठ्याला कळायचं बाकी होतं. आणि आता वेळ उरला नव्हता, कारण काका आज चार वाजता गाव सोडून जाणार होते.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. अख्खी गल्ली त्यांना कप्तान म्हणते. जन्मभर ते बोटीवर होते खरे, पण इंजिनाला तेल घालायला. "कप्तान वर वाऱ्यावर असतो, मी खाली तेलात असायचो," असं ते प्रत्येकाला एकदा बजावून सांगतात आणि मग कप्तान म्हणून हाक मारली की ओ देतात. वय एक्याऐंशी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या शहरात, ती वर्षभर मागे लागली होती, आणि गॅसची शेगडी दोनदा उघडी राहिल्यावर काकांनी हत्यारं खाली ठेवली. "जातो," म्हणाले, "पण ते गाणं एकदा शेवटपर्यंत गाऊन जातो. अर्धवट ठेवून नाही जाणार." आता गाणं म्हणायला त्यांना गिटार लागते, आणि त्यांची बोटं दोन वर्षांपूर्वीच सांध्यांत धरून बसलेली. तेव्हा त्यांची बोटं मी. आणि माझ्या बोटांनी ते गाणं एकदाही तडीला गेलेलं नव्हतं. दर वेळी मध्यावर मी तालाला उलटा पडायचो, गाणं थांबायचं, काका डोळे मिटून बसायचे. पुढचा अर्धा भाग मी कधी ऐकलाच नव्हता. ते गाणं क्यूबातल्या एका न्हाव्याने रचलेलं, कुठे छापलेलं नाही, कुठल्या तबकडीवर नाही. काकांखेरीज आता ते कोणाला येतं की नाही, देव जाणे. म्हणजे मी आज पुन्हा माती खाल्ली तर ते उरलेलं अर्धं गाणं एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात बसून मोटारीतून निघून जाणार होतं. जेवण गेलं नव्हतं मला. बायकोने भरलेलं ताट तसंच उचलून झाकून ठेवलं, ह्यावरून काय ते समजा.

मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य नव्हे, दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसणारा माणूस. पुढच्या खोलीत थंड हवा, मासिकं, नम्र आवाज. मागे मी, प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, घासायच्या चाकाची घरघर, आणि फळीवर ओळीने मांडलेले परक्या लोकांचे जबडे. तीस वर्षांत तिथे गाणारं माणूस कधी आलं नव्हतं. एका सकाळी दंतवैद्याने एका म्हाताऱ्याला दार उघडून आत ढकललं आणि म्हणाला, "ह्यांचं तूच बघ बाबा, माझं डोकं उठलंय." म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून मी केलेली कवळी, आणि ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "हे दात जेवू देतात. गाऊ देत नाहीत. 'स' म्हटला की शिट्टी वाजते, आणि माझ्या गाण्यांत 'स' शिवाय काही नाही." माझ्या कामाला कोणी नावं ठेवली की मला राग येतो, तेव्हाही आला. म्हटलं, "गाऊन दाखवा, कुठे अडतं बघू." मला वाटलं, लाजेल, जाईल. त्याने कवळी तोंडात बसवली, माझ्या टेबलावरच्या मेण कापायच्या दोन सुऱ्या उचलल्या, त्यांच्या लाकडी मुठी एकमेकींवर आपटल्या. टक, टक, टक. मग टक टक. मग पुन्हा तीन. आणि त्या तीन आणि दोनाच्या वर तो गायला लागला. मला एक शब्द कळत नव्हता. मी चाक बंद केलं. मला आठवतं, माझ्या हातात कोणाचा तरी खालचा जबडा होता आणि तो मी तसाच धरून राहिलो. गाणं तालावर पडतच नव्हतं. दर वेळी वाटायचं, आता पडेल, आणि तो तिथून आधीच निघून गेलेला असायचा. शिट्टी वाजत होती, खोटं कशाला बोलू. चांगली बंबासारखी वाजत होती.

पुढच्या दातांच्या मागे जागा जराशी चुकली की 'स' शिट्टी घालतो. अर्ध्या तासाचं काम. मी ते पाच खेपांत केलं. आता लपवण्यात अर्थ नाही: मी मुद्दाम थोडी थोडी शिट्टी शिल्लक ठेवायचो. दर खेपेला केसभर घासायचं, गाऊन घ्यायचं, मान हलवायची, "अजून आहे हो काका, परत गुरुवारी या." जन्मभर वेळेवर आणि चोख काम देणारा मी, आणि एका माणसाने परत यावं म्हणून काम अर्धवट ठेवत होतो. पाचव्या खेपेला धीर करून विचारलं, हे मला शिकवाल का, आणि शिकवणी सुरू झाली. रात्रंदिवस ते खात होतं मला. शेवटी शिकवणी सुरू होऊन चार महिने झाल्यावर एकदा भडाभडा सांगून टाकलं. काका चहा पीत होते. "माहीत होतं मला," म्हणाले. "बोटीच्या तळघरात चाळीस वर्षं यंत्रं ऐकलेला माणूस मी. किती घासलंस ते आवाजावरून कळायचं. घरी कानस होती, स्वतः घासली असती. पण तुझ्या त्या धुळीत बसायला बरं वाटायचं रे." मग बशीत उरलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "चल, गिटार घे." मला कोणीतरी ओझं उतरवून हातात पाण्याचा तांब्या दिल्यासारखं झालं. माणसाचं मन इतकं हलकं होऊ शकतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला नाही.

पहिले तीन आठवडे गिटारीला हातही लावू दिला नव्हता. त्यांच्या त्या लांबट खोलीत दारापासून खिडकीपर्यंत चालायचं, पावलं सारखी टाकायची, आणि हातांनी टाळी द्यायची ती तीन-दोनाची. पाय एक सांगणार, हात दुसरंच. मी घामाघूम. समोरच्या बाल्कनीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघायची. मग गिटार आली. जुनी, नायलॉनच्या तारांची, पोटावर चिकटवलेली भेग. "ही आता तुझ्याकडेच राहू दे, इथे जागा अडवते," असं म्हणून दुसऱ्याच दिवशी दिलीसुद्धा. काकांनी आधी बोलेरो शिकवला, संथ, मनातलं बोलावं तसा. मग ग्वाहिरा, शेतांवरच्या लोकांचं, सैल अंगाचं. आणि मग सोन, न्हाव्याचं गाणं ज्या चालीतलं ती. "हे आधीचे दोन पाहुणे," म्हणाले, "सोन म्हणजे घर." आणि घरात शिरताना मी उंबऱ्यालाच ठेचकाळलो. सोनमध्ये अंगठ्याने खालचा सूर द्यायचा तो ताल पडायच्या आधी. ताल पडतो तेव्हा तिथे कोणी नसतं. नुसती मोकळी जागा. पायाने हळूच ती दाखवायची आणि अंगठ्याने मात्र गप्प बसायचं. आता आपण पडलो समेवर जगणारी माणसं. सम आली की जीव भांड्यात पडतो, मान डोलते, दाद जाते. मी तर जन्मभर प्रत्येक गोष्टीत ठोक्याला हजर असलेला. शाळेत घंटेआधी, कामावर दहाच्या ठोक्याला, लग्नातसुद्धा घड्याळ बघून. माझा अंगठा बरोबर त्या मोकळ्या जागेवर जाऊन पडायचा आणि काका कळवळायचे. "अरे तिथे बसू नकोस, तिथे नाचणारा पाय ठेवणार आहे!"

काका तरुणपणी अकरा आठवडे क्यूबाच्या एका बंदरात अडकले होते. इंजिनाचा एक भाग मोडला आणि नवा यायला अकरा आठवडे लागले. बंदरामागच्या गल्लीत एका न्हाव्याचं दुकान. न्हाव्याची खुर्ची वरखाली होईना. काकांनी ती उघडून, साफ करून, तेल घालून दिली. त्याबदल्यात न्हावी रोज संध्याकाळी केस कापता कापता गिटार शिकवायचा. "अकरा आठवड्यांत डोक्यावर कापायला काही उरलं नाही," काका सांगायचे, "मग नुसतीच शिकवणी." न्हाव्याचा एक कायदा होता आणि तो काकांनी आमच्याकडून पाठ करून घेतला. काठ्या कोणासाठी वळत नाहीत. दोन जाड लाकडी काठ्या तीन आणि दोन वाजवत राहतात, त्यांच्यावर सगळं उभं असतं. गाण्याची ओळ तीनाच्या बाजूने उठायची, पुढची दोनाच्या बाजूला जायची. कोणी घोळ घालून दुसऱ्याच बाजूने उठला तर तो उलटा पडला. मग राजा असो की हमाल, काठ्या थांबत नाहीत, वळत नाहीत. ज्याने चूक केली त्याने तीन-दोनाचा अर्धा फेरा गप्प राहायचं आणि बरोबर बाजूने परत यायचं. तोंड वाकडं करायचं नाही, माफी मागायची नाही. मला नेमकं हेच जमायचं नाही. उलटा पडलो की माझ्या तोंडून आधी "सॉरी काका" निघायचं आणि हात गळून पडायचा. "सॉरी कुठल्या सुरात आहे?" काका विचारायचे. "मला त्या सुरात गाता येत नाही."

काठ्या बायकोकडे कशा गेल्या तीही एक गंमत. ती इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना सांगते, श्वास घ्या, धरा, सोडा. आमच्या घरात तेव्हा बोलणं उरलं नव्हतं. भांडण होतं असंही नाही. भांडायला निदान काहीतरी लागतं. दूध आणलं का, आणलं. दार लावलं का, लावलं. मंगळवारी आणि शनिवारी मी जातो कुठे, हे बघायला ती एकदा मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. काकांनी आगापिछा न विचारता तिच्या हातात काठ्या दिल्या. डाव्या हाताची वाटी करून एक काठी तिच्यावर सैल ठेवायची, दुसरीने मारायचं. पंधरा मिनिटांत! मी पंधरा आठवडे जे घोटत होतो ते ह्या बाईने पंधरा मिनिटांत उचललं, आणि वर म्हणते, "सोपं आहे की. इथे धरायचा, इथे सोडायचा." काका इतके हसले की त्यांची कवळी हलली. त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा भांडणं सुरू झाली. स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, कपड्यांच्या घड्या घालता घालता आरोळी यायची, "उलटे पडलात!" "नाही पडलो!" "पडलात! मी दोनावर आहे!" आणि ती माझ्यासाठी एकदाही वळली नाही. एकदा मी अक्षरशः हात जोडले, म्हटलं, तू एकदा सांभाळून घे, फक्त एकदा, मला ते गाणं पुढे कसं आहे ऐकायचंय. तर म्हणाली, "काकांनी सांगितलंय ना, वळायचं नाही म्हणून? मग?" सव्वीस वर्षांच्या संसारात मला तिचा इतका राग आला नव्हता आणि इतकी ती आवडलीही नव्हती. आज चालत काकांच्या घरी जाताना हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि बायको शेजारून चालताना पर्सवर बोटांनी हळूच तीन-दोन वाजवत होती.

काकांची खोली रिकामी झाली होती. भिंतीवर कपाटाच्या जागी फिकट चौकोन, जमिनीवर खोकी, खिडकीचे पडदे उतरवलेले, त्यामुळे ऊन थेट आत आलेलं. मुलगी एका खोक्यावर बसली होती, कामाने दमलेली, हसतमुख, घड्याळाकडे डोळा असलेली. खाली गाडी उभी होती. "बाबा दोन दिवस काही बोलतच नाहीयेत," ती मला म्हणाली, "नुसतं गुणगुणतायत. काय ते गाऊन टाका म्हणजे निघू." काका खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलेले, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. "आलास, दातवाल्या?" म्हणाले. "गाणं पुरं झालं तरच मी उठणार ह्या खुर्चीतून. नाहीतर खुर्चीसकट न्यावं लागेल." बायकोने पर्समधून काठ्या काढल्या. मी गिटार मांडीवर घेतली. तारा एकदा जुळवून पाहिल्या. मनात म्हटलं, हे बघ, तू तीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवलेस, तुला एक अंगठा नीट बसवता येत नाही? बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती रोज परक्या लोकांना ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात मला म्हणाली, "श्वास घ्या." घेतला. "सोडा." आणि काठ्या सुरू झाल्या.

कसं जमलं ते मला नका विचारू. अंगठा लवकर पडला, मोकळी जागा मोकळी राहिली, आणि तिच्यात काकांचा आवाज येऊन उभा राहिला. पहिला अर्धा भाग मला माहीत होता, काकांनी अर्थ सांगितला होता: न्हावी म्हणतो, पाणी तापवून ठेवलंय, फडका धुतलाय, वस्तरा लावलाय, शनिवारी येतो म्हणाला होतास, ये. एवढंच. आम्ही ते ओलांडलं. जिथे मी दर वेळी कोसळायचो ती जागा आली आणि गेली, आणि मला मागे वळून बघायचा मोह झाला. मग नुसत्या गिटारीचे फेरे. तेच चार सूर गोल गोल. ह्या फेऱ्यांमध्ये काका थांबणार आणि मग ध्रुपद घेऊन परत येणार, आणि मग पुढचं, न ऐकलेलं. फिरता फिरता माझ्या अंगात काहीतरी सैल झालं. ऊन माझ्या मनगटावर पडलं होतं. काकांची मान हलत होती, मुलीचा पाय हलत होता आणि ते तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, आता ह्यापेक्षा जास्त काही मागू नये. आणि तेवढ्यात काका ध्रुपदावर आले. चुकीच्या बाजूने.

मला आधी वाटलं मीच चुकलो. सवयच ती. "सॉरी" अगदी ओठांवर आलं. पण काठ्या वाजत होत्या आणि त्या खोटं बोलत नाहीत. नुकतेच तीन झाले होते, आता दोन चालू होते, आणि काकांनी ओळ उचलली ती दोनावर. अर्धा फेरा आधीच. एक्याऐंशी वर्षांचे काका, ज्यांनी मला चालायला शिकवलं, ते उलटे पडले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. डोळे मिटून, तोंड वर करून, ते आनंदाने गात होते. मला ते ऐकू आलं, ह्याचंच मला भयंकर वाईट वाटलं. वर्षापूर्वी आलं नसतं. त्यांनीच कान दिला आणि त्या कानाने आधी काय पकडलं, तर त्यांची चूक. कायदा स्पष्ट होता. चुकणाऱ्याने गप्प बसायचं. पण त्यांना सांगणार कोण? आणि सांगितलं, थांबवलं, तर खाली गाडी, हातात घड्याळ, शेगडी दोनदा उघडी राहिलेली. मुलीने फक्त हळूच म्हणायचं, "असू दे बाबा, दमलात," आणि ते उठले असते. काही न करता तसंच रेटलं तर सूर सुरांना खात जाणार, दोन ओळींत त्यांचं त्यांना कळणार, आणि तेही मुलीसमोर. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. इतका वेळच नव्हता, एका फेऱ्याचीही सवड नव्हती. मी मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती माझ्याचकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. तिच्या कपाळावर ती आठी होती जी आरोळीच्या आधी येते. मी मान हलवली, अगदी थोडी. नको, एवढंच. तिच्या काठ्यांचे तीन चालू होते. तिने ते पुरे केले, ओठ घट्ट मिटले, आणि दोन वाजवायच्या जागी पुन्हा तीन वाजवले. काठ्या काकांसाठी वळल्या.

मी अर्धा फेरा हात तारांवर सपाट ठेवून गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा, माफी न मागता. मग काकांच्या बाजूने आत शिरलो. खालचा सूर लवकर आला, गाणं पायांवर उभं राहिलं, आणि काका न थांबता पुढच्या भागात गेले, जो मी कधी ऐकला नव्हता. मला अर्थ कळत नव्हता. शेवटाकडे आवाज जरासा कापला, पण सुटला नाही. संपलं तेव्हा मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती, आणि खालून गाडीवाल्याने भोंगा दिला.

काकांनी डोळे उघडले. "शेवटी म्हणतो, तो आला," ते सांगायला लागले. "इतक्या उशिरा की दाढी पांढरी झालेली. मी पाणी पुन्हा तापवलं. दाढी केली. कुठे होतास, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही." मग काकांनी मान तिरकी केली, तळघरातलं यंत्र ऐकावं तशी, आणि म्हणाले, "मध्यावर काठ्या दोनदा तीन वाजल्या. कोण उलटं पडलं?"

"मी," मी म्हणालो. आणि त्याच क्षणी, त्याच दमात, बायकोही म्हणाली, "मी."

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे. मी गिटारीकडे बघायला लागलो. बायको काठ्या पुसत होती, पुसण्यासारखं काही नसताना. मला कळलं की त्यांना कळलं. माझे कान तापले. आम्ही एकदा तरी आधी ठरवून खोटं बोलायला हवं होतं. काकांचा चेहरा क्षणभर अगदी म्हातारा झाला, मग त्यांनी हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मुलीला म्हणाले, "गाडीवाल्याला सांग, दहा मिनिटं थांब. मी चुकलो होतो. पुन्हा म्हणायचंय." "बाबा, छान झालं की!" "छान झालं. बरोबर नाही झालं." मग माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, घे गं, पहिल्यापासून. आणि ह्या वेळी मी पडलो तरी वळायचं नाही. कळलं?" "कळलं," बायको म्हणाली, आणि काठ्या स्वच्छ वाजल्या.

दुसऱ्यांदा कोणी चुकलं नाही. ध्रुपद तीनावर आलं, पुढचं पुढे गेलं, न्हाव्याचा माणूस आला, दाढी झाली, गाणं संपलं. काका स्वतःच्या पायांनी खुर्चीतून उठले. मी त्यांना काय काय सांगणार होतो. तुम्ही मला गप्प बसायला शिकवलंत, तुम्ही माझ्या घरात आवाज आणलात, माझी बायको मला पुन्हा दिसली ती तुमच्यामुळे; आदल्या रात्रीच सगळं जुळवून ठेवलं होतं. खोकी उतरवता उतरवता ते राहूनच गेलं. शेवटी गाडीच्या दारात उभा राहून कसंबसं म्हणालो, "काका, फार केलंत हो माझ्यासाठी." त्यांनी आतून पट्टा लावला, तो नीट बसला का बघितलं, आणि गाडी सुरू झाल्यावर काच खाली केली. मला खुणेने जवळ बोलावलं. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले.

"पहिलंच जास्त चांगलं झालं रे," म्हणाले, आणि गाडी निघाली.